लिंगैक्य, मुक्काम मंगळवार पेठ

सोमशेखर आप्पा शेटे वारले, हे घरात सगळ्यांत आधी त्यांच्या सुनेला, दानेश्वरीला कळलं. मंगळवारी सकाळी ती दारात पोस्टमनकडून पाकीट घेत होती आणि आप्पा आत सोप्यात बसून चहात खारी बुडवत होते. पाकिटात समाजाच्या ट्रस्टचं छापील पत्र होतं. ट्रस्टचे जुने सभासद लिंगैक्य सोमशेखर आप्पा शेटे यांच्या जाण्यानं समाजाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे आणि कुटुंबीयांच्या दुःखात ट्रस्ट सहभागी आहे, असा मजकूर होता. खाली सेक्रेटरींची सही, त्यावर गोल शिक्का.

दानेश्वरीनं पत्र दोनदा वाचलं आणि सोप्यात डोकावून बघितलं. खारीचा तुकडा कपात पडला होता आणि आप्पा तो चमच्यानं शोधत होते.

"मामंजी, तुम्ही गेलासा म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"ट्रस्टवाले. शिक्का मारून कळवलंय बगा."

आप्पांनी चष्मा लावून पत्र वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. तसा तो नऊ वर्षांत कशानंच पडला नव्हता. १९९७ साली बायको शिवगंगा गेल्यापासून आप्पांनी गूळ मार्केटातली अडत मुलाच्या हाती दिली होती आणि स्वतः फक्त सोमवारची वाट बघत जगत होते. दर सोमवारी संध्याकाळी ते रुद्रभूमीत शिवगंगाच्या समाधीपाशी जाऊन बसत. बाकीचे सहा दिवस त्यांना कशातच राम वाटत नसे.

"चांगलं लिहिलंय की," ते पत्राची घडी घालत म्हणाले. "जित्तेपणी मला कुणी इतकं चांगलं बोललं न्हाय."

आता गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण मेलेल्या माणसाच्या मागं लागतं तेवढं लचांड जिवंत माणसाच्या मागंही लागत नाही. साडेनऊला ट्रस्टच्या मंगल कार्यालयातून फोन आला. आप्पांची नात सौंदर्या हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि हॉल आप्पांच्या सभासदत्वावर घेतला होता. फोनवरचा माणूस फार अदबीनं बोलला. सभासद हयात नसल्यानं बुकिंग आपोआप रद्द झालंय, असं त्यानं सांगितलं आणि वर "वाईट झालं हो" असंही म्हणाला.

दहा वाजता रिक्षा थांबली. ट्रस्टचं मासिक गडहिंग्लजला एक दिवस आधी पोचलं होतं. त्यातलं श्रद्धांजलीचं पान वाचून आप्पांची धाकटी बहीण पहाटेच्या एसटीनं निघाली होती. दार आप्पांनीच उघडलं. बहिणीचे डोळे रडून सुजले होते. समोर कोण आहे हे न बघता तिनं आप्पांच्याच गळ्यात पडून आप्पांसाठी टाहो फोडला.

"दादाऽऽ गेला गं माझा!"

आप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "व्हायचंच व्हतं ते. रडू नगंस," असं म्हणून त्यांनी तिची समजूत काढली. ओळखीचा आवाज ऐकून बहिणीनं वर बघितलं आणि ती किंचाळून मटकन उंबऱ्यावर बसली. दानेश्वरीनं तिला पाणी दिलं, स्टँडवर बटाटवडा खाऊन पित्त झालंय का ते विचारलं, आणि मग पदर खोचला.

"चला मामंजी. रिक्षा दारात हाय तवर. आज तुमास्नी जिवंत करूनच आणते."

"कशाला गं? जरा पडतो की."

"पडताय काय? पोरीचं लगीन काय रस्त्यावर लावायचं?"

ट्रस्टचं ऑफिस पेठेतच, दोन गल्ल्या पलीकडं होतं. सेक्रेटरी मल्लिकार्जुन अण्णा टेबलामागं बसले होते. त्यांनी आप्पांना बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"आप्पा? आवं, शनिवारी तर मी तुमच्या पत्रावर सही केली."

"सही झाक आलीया," आप्पा म्हणाले.

"न वाचताच सही केली काय हो?" दानेश्वरीनं आवाज चढवला. "समोरासमोर ऱ्हाताय. त्याच दिवशी हेंच्यासंगं देवळात बोलत हुता तुम्ही!"

अण्णांनी घाम पुसला आणि आतल्या खोलीकडं बघून ओरडले, "महांतेश! आरं बाहीर ये. तुजा कॉम्प्युटर माणसं मारायला लागलाय."

महांतेश हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हाडकुळा तरुण. पुण्यात नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षं काढून तो घरी परत आला होता. त्याला ट्रस्टनं का बोलावलं, हे थोडं मागं जाऊन सांगायला हवं.

या समाजात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि वर समाधीचा कट्टा बांधतात. त्यामुळे एकदा दिलेली जागा परत मिळत नाही. रुद्रभूमी जुनी, शहराच्या पोटात अडकलेली. चारी बाजूंनी घरं झालेली. जागा संपत आली होती आणि माणसं मरायची थांबत नव्हती. पूर्वी कुणी गेलं की नवरा किंवा बायको शेजारी स्वतःचाही कट्टा बांधून ठेवायची, त्यावर नाव कोरायची आणि तारखेची ओळ कोरी सोडायची. २००१ साली ट्रस्टनं ठराव केला की, जिवंत माणसानं जागा अडवायची नाही. गेल्यावर जी जागा पुढं येईल ती घ्यायची. मग कुठं किती जागा उरलीय ते नीट कळावं म्हणून यंदा, २००६ साली, महांतेशला बोलावून सगळ्या रुद्रभूमीचा नकाशा कॉम्प्युटरात भरला.

महांतेशनं चोख काम केलं होतं. एकेका समाधीचे चार कोपरे फीत लावून मोजले होते. कॉम्प्युटर त्या नकाशावरून बाकीचं सगळं स्वतः काढायचा: सभासद यादीतलं कोण हयात, कोण लिंगैक्य, दोन कट्ट्यांमध्ये किती अंतर, रिकामी जागा किती, पुढची जागा कोणती. फक्त हे काढायला त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि ते भारनियमनाचे दिवस होते. पस्तिसाव्या मिनिटाला लाइट जायची. पहिल्या दिवशी चार वेळा तसं झालं, तेव्हा अण्णा वैतागून म्हणाले होते, "आरं, माणूस मरायला बी एवढा वेळ घेत न्हाय!"

मग महांतेशनं तोड काढली. दर वेळी पहिल्यापासून गणित करायचं नाही. एकदा करायचं आणि उत्तरं रकान्यात साठवून ठेवायची. पुढं नकाशात कुणी कट्टा वाढवला किंवा पुसला, तर तेवढ्यापुरतंच पुन्हा काढायचं. पापणी लवायच्या आत चिठ्ठी छापून यायला लागली. अण्णांनी त्याचा नारळ देऊन सत्कार केला.

"आता सांग, मी मेलो कसा?" आप्पांनी विचारलं.

महांतेशनं पडद्यावर नकाशा उघडला. "आप्पा, कट्टा नंबर दोनशे चौदा. त्यावर तुमचं नाव कोरलंय का?"

"व्हय. शिवगंगाच्या शेजारी. मीच बांधलाय."

"मग तेच झालं. ज्याच्या नावाचा कट्टा रुद्रभूमीत, तो लिंगैक्य. असं गणित आहे."

"आणि तारीख कोरी हाय, ती दिसली न्हाय व्हय तुला?" दानेश्वरी म्हणाली.

"बऱ्याच जुन्या दगडांवर तारीख पुसून गेलीय वैनी. मला वाटलं, हीपण गेली असेल."

"जळ्ळं तुजं वाटणं! अन् ते साठवून कशाला ठेवायचं? रोजच्या रोज बगायचं की कोण हाय नि कोण न्हाय."

"वैनी, पंगतीला पावणं बसलं की एकेकाला ताटात नवी भाकरी थापून देता का? आधी थापून दुरडीत ठेवताच की."

"ठेवते. पण दुपारची दुरडी राती झाकण काढून बगते, बुरा आलाय का म्हणून. तू बगितलंस?"

अण्णांनी विषय आवरला. "ते जाऊ दे. आप्पांच्या नावापुढचं ते लिंगैक्य खोड आणि हयात लिही. झालं."

"तो रकाना हातानं लिहिता येत नाही, अण्णा. गणिताचा आहे."

"मी सेक्रेटरी सांगतोय!"

"तुम्हीच म्हणाला होता, क्लार्क लोकांचा हात लागता कामा नये. मी कुलूप घातलंय. आता त्यात फक्त गणितच लिहू शकतं."

"म्हंजे मी हितं उभा हाय, बोलतोय, तरी चालत न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा. तुम्ही नकाशात नाही. नकाशात कट्टा आहे."

शेवटी एकच मार्ग उरला. नकाशातून कट्टा पुसायचा. तो गेला की गणित आपसूक फिरणार आणि आप्पा जिवंत होणार. महांतेशनं माऊस फिरवला, दोनशे चौदा नंबरचा चौकोन निवडला आणि बटण दाबलं. चौकोन नाहीसा झाला. आप्पांच्या नावापुढं "हयात" उमटलं. अण्णांनी टाळ्या वाजवल्या, शिपायाला चहा सांगितला आणि हॉलवर फोन करून बुकिंग पुन्हा चालू करायला लावलं. दानेश्वरीनं सुस्कारा सोडला. आप्पा मात्र पडद्यावरच्या त्या रिकाम्या चौकोनाकडं बघत बसले होते. शिवगंगाच्या कट्ट्याशेजारी नुसतं पांढरं दिसत होतं.

चहा यायच्या आधी गुंडाप्पांचे दोन मुलगे आले.

गुंडाप्पा म्हणजे गूळ मार्केटातले आप्पांचे शेजारी आणि तीस वर्षांचे वैरी. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, रास कुणाच्या हद्दीत लावायची यावरून दोघांची एकदा जुंपली होती, ती मिटलीच नाही. शिवगंगाला तर त्या माणसाचा आवाजही खपत नसे, गुंडाप्पा दुकानात बोलायला लागले की ती म्हणे, "ह्या बाबाच्या नरड्यात कर्णा बसवलाय." ते गुंडाप्पा आज पहाटे गेले होते.

मुलांनी हात जोडले. "अण्णा, जागेची चिठ्ठी पायजे. दुपारी आणतोय वडलांस्नी."

"महांतेश, काढ चिठ्ठी," अण्णा हळहळत म्हणाले.

महांतेशनं नाव टाकलं. पापणी लवायच्या आत चिठ्ठी छापून आली. अण्णांनी ती मोठ्यानं वाचली. "जागा क्रमांक दोनशे चौदा. चांगली हाय, बेलाच्या सावलीत."

आप्पा इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागं पडली.

"कुठली?"

"दोनशे... अगाई!" अण्णांची जीभ चावली गेली.

"ती माजी हाय!"

"आप्पा, आता ती रिकामी झाली," महांतेश पुटपुटला. "रिकाम्यातली पहिली तीच येते."

"आरं, बाहीर जाऊन बग, दगडावर नाव हाय माजं!"

"दगड हाय आप्पा, पण २००१ चा ठराव बी हाय," अण्णा खाली मान घालून म्हणाले. "जिवंत माणसाची जागा धरत न्हाईत. तुमचा कट्टा आजवर कुणी मोजला न्हवता म्हणून टिकला. हेंच्या पावण्यांनी ठराव दाखवला तर मी काय करू?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा दानेश्वरीनं त्यांच्या चेहऱ्यावर भीती बघितली.

"अण्णा, पन्नास वर्षं संसार केला," ते म्हणाले. "मी दुकानात, ती चुलीपाशी. दोघं शेजारी बसलो ते लग्नात अक्षता पडताना, नि एकदा फोटोवाल्याकडं. फोटोवाल्यानं जवळ सरका म्हटलं तर मला लाज वाटली, सरकलो न्हाय मी. आपल्यात बसवूनच ठेवत्यात. म्हटलं, आता तरी शेजारी बसंन. तेवढ्या एकाच गोष्टीवर दिवस काढतोय. अन् तिच्या शेजारी ह्या... ह्या कर्ण्याला बसवताय?"

गुंडाप्पांच्या थोरल्या मुलानं बापाचा अपमान गिळला.

मग आप्पा महांतेशकडं वळले. "पोरा, मला परत मार."

"आप्पा!"

"आत्ताच्या आत्ता मार. कट्टा काढ परत त्या नकाशात. मी मेलेला बरा."

"आवं मामंजी, हॉल!" दानेश्वरी म्हणाली, पण तिचा आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

महांतेशनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी गुंडाप्पांच्या मुलांकडं बघितलं. थोरला मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आमाला काय, दुसरी द्या. आमचे वडील बी म्हणायचे, सोम्याच्या शेजारी नगं."

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला आणि टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला. हा यूपीएस जेमतेम पाच मिनिटं टिकायचा, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"मापं!" महांतेश ओरडला. "मी पुसली ती मापं! वही घरी आहे माझ्या!"

"लिही," आप्पा म्हणाले. "शिवगंगाच्या कट्ट्यापास्नं दीड फूट. तिथनं लांबी चार फूट दोन इंच. रुंदी तीन फूट. बेलाच्या बुंध्यापास्नं सात फूट, त्यात आता दोन बोटं कमी धर, बुंधा वाढलाय."

"तुम्हाला पाठ आहे?"

"दर सोमवारी मोजतोय. बेल आत सरकतोय का ते बगतो."

महांतेशची बोटं धावत होती. यूपीएसचा आवाज घाईला आला. एक कोपरा, दुसरा, तिसरा. दानेश्वरीनं नकळत पदर तोंडात धरला होता. आपण सासऱ्याच्या मरणासाठी देव पाण्यात घालून बसलोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला रडू की हसू ते कळेना. चौथा कोपरा जोडला गेला, चौकोन मिटला आणि नावापुढं पुन्हा "लिंगैक्य" उमटलं.

"गेले!" महांतेश ओरडला.

"गेले एकदाचे!" अण्णा म्हणाले आणि लगेच जीभ चावून त्यांनी भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला. गुंडाप्पांची नवी चिठ्ठी निघाली, नळाजवळची, दोनशे एकतीस. ती छापून बाहेर पडली आणि पडदा काळा झाला. आप्पा खुर्ची सरळ करून तिच्यावर बसले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

मग चहा आला. शिपायानं न विचारता आप्पांनाही दिला.

"आता हॉलचं?" दानेश्वरीनं विचारलं.

अण्णांनी नियमांचं पुस्तक काढून खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ पानं उलटली. "वारस! सभासद लिंगैक्य झाला की वारस त्याच दिवशी सभासद. तुमच्या नवऱ्याला संध्याकाळी सही करायला पाठवा. हॉल त्याच्या नावावर चालू." मग ते आप्पांकडं वळले. "पण आप्पा, एक सांगतो. तुमाला हितनं पुढं मत न्हाय, मीटिंग न्हाय, मासिक न्हाय. आन् पत्रिकेवर ट्रस्टच्या नियमानं तुमच्या नावामागं लिंगैक्य लागंल."

"लागू दे. आहेर आणायला तर येता येईल का?"

"पावणा म्हणून या की. मी न्हाय बघितलं तुमाला."

महांतेशनं भीत भीत आणखी एक गोष्ट सांगितली. लिंगैक्य झालेल्यांचं वयही कॉम्प्युटर काढतो. तारीख कोरी असली की तो आजचीच धरतो. त्यामुळे दर महिन्याच्या मासिकात आप्पा नुकतेच गेल्यासारखी श्रद्धांजली येत राहील आणि तिच्यात त्यांचं वय थोडं थोडं वाढत जाईल. हे दुरुस्त करायला हवं. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या गणिताला तेवढं हात लावू नगंस. सावकाश मरू दे मला," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बहिणीला सगळं समजावून सांगितलं. तिला काही पटलं नाही. आलीच आहे तर म्हणून ती दुपारी जेवली, पुन्हा थोडं रडली आणि चारच्या एसटीनं परत गेली.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी आप्पा नेहमीप्रमाणं रुद्रभूमीत गेले. आभाळ भरून आलेलं, काळं कुत्रं नव्हतं. नळाजवळ गुंडाप्पांच्या जागेवर ओली माती आणि सुकलेले हार पडले होते. आप्पा शिवगंगाच्या शेजारी, आपल्याच कट्ट्यावर टेकले. सहा वाजता रखवालदार पिराजी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. तो रोज सहा वाजता सगळ्यांना बाहेर काढायचा आणि कट्ट्यावर बसणाऱ्यांवर खेकसायचा. आज तो लांबच थांबला. खिशातून ट्रस्टची नवी यादी काढून त्यानं ती दोनदा वाचली.

"आप्पा, एरवी मी उठा म्हटलं असतं," तो अवघडून म्हणाला. "पण यादीत तुम्ही हितलंच दावलंय. आता तुमाला जा म्हणायचा मला हक्क हाय का न्हाय, कळंना."

"तू फाटकाकडं हो म्होरं. येतोच मी."

पिराजी गेला. मग आप्पा इकडंतिकडं बघून, कुणी नाही याची खात्री करून, कट्ट्यावरच दीड फूट बायकोच्या बाजूला सरकले.

"अगं, आलो बग," ते म्हणाले. "सध्या कागदावर आलोय. गुंडाप्पा नळापाशी हाय, तिकडं बगू नगंस. बाकीचा पोरीच्या अक्षता पडल्या की येतो."